जुन्या वाड्यांचे शिल्लक विकास हक्क विकून शहरातील उद्यानांसाठी निधी कसा उभारावा

मराठवाड्यातील जुन्या पेठांमध्ये मोठ्या भूखंडावर एक किंवा दोन मजली वाडा उभा असल्याचे दृश्य आजही दिसते. त्या भूखंडावर सध्याच्या नियमांप्रमाणे याहून बरेच जास्त बांधकाम करता आले असते, परंतु वास्तू वारसा यादीत असल्यामुळे ते करता येत नाही. जे बांधकाम करायचे राहून गेले, त्याचा हक्क कायद्याच्या दृष्टीने नष्ट होत नाही. तो त्या जागेवरून उचलून शहरातील दुसऱ्या भूखंडावर वापरता येतो आणि म्हणूनच विकताही येतो. यालाच हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे रोजच्या बोलण्यातला टीडीआर, असे म्हणतात. हा हक्क विकून आलेल्या पैशातून वाड्याची दुरुस्ती आणि परिसरातील उद्यान ही दोन्ही कामे कशी साधता येतील, हे वाड्यांचे मालक, देवस्थानांचे विश्वस्त आणि आपल्या भागात बाग व्हावी म्हणून झटणारे नागरिक यांच्यासाठी येथे मांडले आहे.

एक गोष्ट आरंभीच लक्षात घ्यावी. राज्याच्या नियमावलीत या व्यवहाराचा पहिला अर्धा भाग, म्हणजे हक्क निर्माण होणे आणि विकला जाणे, नीट लिहिलेला आहे. आलेला पैसा उद्यानाकडे वळण्याचा दुसरा अर्धा भाग मात्र आपोआप घडत नाही. तो करारात बांधून घ्यावा लागतो आणि तोही विकास हक्क प्रमाणपत्र हाती येण्यापूर्वी. प्रमाणपत्र मिळाल्यानंतर, भाव ठरल्यानंतर आणि रक्कम खात्यात जमा झाल्यानंतर उद्यानाचा विषय काढला, तर तो केवळ सदिच्छेवर राहतो.

कायद्याचा आधार

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ मध्ये विकास हक्काची व्याख्या आहे आणि तीत हस्तांतरणीय हक्काचा स्पष्ट समावेश आहे. त्याच्या आधारे डिसेंबर २०२० मध्ये एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. मुंबई आणि काही विशेष क्षेत्रे वगळता ती राज्यभर लागू आहे. छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी आणि जालना या मराठवाड्यातील पाचही महापालिका तिच्याखाली येतात. कोणकोणत्या कारणांसाठी टीडीआर मिळू शकतो, याची यादी या नियमावलीत आहे. आरक्षित जमीन किंवा रस्त्याखाली गेलेली जमीन ताब्यात देणे ही त्यातील सर्वांना ठाऊक असलेली कारणे. त्याच यादीत वारसा वास्तू किंवा वारसा परिसर यांचा, नियमावलीतील बंधनांमुळे वापरता न आलेला चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे एफएसआय (भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण), हेही एक कारण दिलेले आहे. मुंबईत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने टीडीआर आणला आणि १९९५ मध्ये वारसा नियम लागू झाले, त्यामुळे तेथे ही वाट रुळलेली आहे. आपल्याकडे ती क्वचितच चालली गेली असल्यामुळे कागदपत्रे जास्त काळजीने तयार करावी लागतात.

उद्यानाच्या दृष्टीने याच नियमावलीतील दुसरी तरतूद तितकीच महत्त्वाची आहे. विकास योजनेत उद्यानासाठी आरक्षित असलेली खासगी जमीन मालकाने विनामूल्य महापालिकेच्या ताब्यात दिली, तर त्याला त्या जमिनीच्या क्षेत्राच्या पटीत टीडीआर मिळतो: दाट वस्तीच्या क्षेत्रात तिप्पट आणि त्याबाहेर दुप्पट. याचा अर्थ असा की, उद्यानाची जमीन मिळवण्यासाठी रोख पैसा लागेलच असे नाही. रोख पैसा लागतो तो कुंपण, विहीर, जलवाहिनी, झाडे, माळी आणि राखणदार यांच्यासाठी. आपल्या शहरांत बागा ओस पडतात त्या बहुधा जमिनीअभावी नव्हे, तर देखभालीअभावी. म्हणून वारसा वास्तूच्या हक्कातून आलेला पैसा जमीन खरेदीत घालवू नये. तो बाग उभी करणे आणि ती जगवणे यासाठीच राखून ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी वास्तू पात्र आहे का ते पाहा

वास्तू जुनी आणि देखणी आहे एवढ्याने भागत नाही. महापालिकेच्या मंजूर वारसा यादीत तिचे नाव, श्रेणी आणि नगर भूमापन क्रमांक आहे का, हे नगररचना विभागातून लेखी स्वरूपात घ्यावे. नाव नसल्यास वारसा संवर्धन समितीकडे समावेशासाठी अर्ज करणे हे पहिले काम ठरते. त्यासाठी सुनावणी व मंजुरीची पद्धत पार पाडावी लागत असल्याने वेळ हाताशी ठेवावा.

छत्रपती संभाजीनगरचे ऐतिहासिक दरवाजे या योजनेत बसतील का, असा प्रश्न हमखास विचारला जातो. भडकल दरवाजा किंवा पैठण गेट यांसारख्या वास्तू रस्त्याच्या मधोमध किंवा कडेला उभ्या आहेत आणि त्यांना स्वतःचा असा बांधकामयोग्य भूखंड नाही. जेथे भूखंडच नाही तेथे शिल्लक एफएसआय निघत नाही. त्यामुळे दरवाजांच्या दुरुस्तीसाठी वेगळा निधी शोधावा लागेल. ही योजना ज्यांच्यासाठी आहे ते म्हणजे आवार असलेले वाडे, हवेल्या, जुन्या शाळा, धर्मशाळा, मठ आणि निजामकाळातील बंगले.

केंद्र सरकारच्या पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने संरक्षित केलेल्या स्मारकाजवळील मालमत्तेबाबत आणखी सावध राहावे. बीबी का मकबऱ्यासारख्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटरपर्यंत नियंत्रित क्षेत्र असते. तेथे बांधकामावर येणारे बंधन केंद्रीय कायद्याचे असते, विकास नियमावलीतील वारसा तरतुदींचे नसते. टीडीआर मात्र नियमावलीतील बंधनामुळे वाया गेलेल्या एफएसआयसाठी आहे. अशा जागेबाबत पुढचा खर्च करण्यापूर्वी नगररचना विभागाचे लेखी मत घ्यावेच.

मोजणी

शिल्लक हक्क म्हणजे भूखंडावर अनुज्ञेय असलेले एकूण बांधकाम क्षेत्र वजा प्रत्यक्ष उभे असलेले बांधकाम क्षेत्र. वजाबाकी सोपी आहे, पण तिच्यातील दोन्ही आकडे सिद्ध करणे हे खरे काम आहे. पहिला आकडा भूखंडाच्या क्षेत्रावर अवलंबून असतो. ते क्षेत्र मालमत्ता पत्रकावर एक, जागेवरील मोजणीत दुसरे आणि जुन्या खरेदीखतात गज किंवा हातांच्या हिशेबाने तिसरेच असू शकते. म्हणून भूमी अभिलेख कार्यालयाकडून अधिकृत मोजणी करून घ्यावी आणि तफावत आढळल्यास ती आधी दुरुस्त करावी.

दुसरा आकडा वास्तुविशारदाने जागेवर घेतलेल्या मोजमापांवरून येतो आणि आपल्याकडील वाड्यात ते काम चिकाटीचे असते. समजा, देवडीतून आत गेल्यावर एका बाजूला ढाळज आहे, समोर उघडा चौक, चौकाच्या तिन्ही अंगांना ओसरी, मागे माजघर आणि त्याखाली धान्याचे बळद आहे. वर काही भागावर माडी आहे, तर उरलेल्या भागावर पांढऱ्या मातीचे माळवद. यातील चौक उघडा असल्याने बांधकाम क्षेत्रात येत नाही. ढाळज आणि ओसरी छताखाली असल्याने त्यांचा हिशेब द्यावा लागतो. माळवद हे छत आहे, मजला नाही. परंतु त्यावर कोणी नंतर पत्र्याची खोली उभारली असेल तर ती बांधकाम म्हणून धरली जाते. बळदाचा हिशेब कसा धरायचा हे नगररचना विभागाला आधी विचारून घ्यावे. प्रत्येक दालनाची लांबी-रुंदी, भिंतीची जाडी आणि छताचा प्रकार नकाशावर लिहावा आणि प्रत्येक भागाचे छायाचित्र सोबत जोडावे. हाच नकाशा पुढे वाड्याच्या दुरुस्तीचा आराखडा म्हणून उपयोगी पडतो, त्यामुळे येथे घालवलेला वेळ वाया जात नाही.

उदाहरणार्थ, भूखंड ६०० चौरस मीटर आणि अनुज्ञेय निर्देशांक १.५ धरल्यास ९०० चौरस मीटर बांधकाम करता आले असते. वाड्याचे सध्याचे बांधकाम ४२० चौरस मीटर असेल, तर ४८० चौरस मीटर शिल्लक राहतात. हे आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. आपल्या भूखंडाला लागू होणारा निर्देशांक क्षेत्र आणि रस्त्याची रुंदी यांवरून ठरतो.

मालकी आणि तिची कागदपत्रे

मराठवाड्यात हे प्रकरण सर्वांत जास्त वेळ घेते, आणि बहुतेक प्रस्ताव येथेच अडकून राहतील अशी मला धास्ती वाटते. जुन्या वाड्याच्या मालमत्ता पत्रकावर आजोबा-पणजोबांची नावे असतात आणि वारस पुण्या-मुंबईपासून परदेशापर्यंत विखुरलेले असतात. वारसनोंद, वाटणीपत्र किंवा सर्वांनी मिळून एकाला दिलेले नोंदणीकृत मुखत्यारपत्र यांशिवाय अर्ज करू नये. बहिणींचे हिस्से नोंदवल्याशिवाय तर मुळीच करू नये, कारण प्रमाणपत्र निघाल्यावर एका वारसाची हरकतही विक्री थांबवू शकते. निजामकाळातील दस्त उर्दूत किंवा मोडीत असल्यास त्यांचे जाणकाराकडून प्रमाणित भाषांतर करून घ्यावे. भूखंड मुळात शेतजमीन असेल तर १९५४ च्या खासरा पाहणी पत्रकापासूनच्या नोंदींची साखळी जुळवावी.

इनाम जमिनीबाबत मुंतखब, म्हणजे इनाम मान्य केल्याचा निजामकाळातील दस्त, आणि इनामाचा प्रकार तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. सार्वजनिक न्यासाची वास्तू असल्यास स्थावर मालमत्तेच्या हस्तांतरणासाठी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. विकास हक्क हा स्थावर मालमत्तेतून निघालेला लाभ असल्याने विश्वस्तांनी ही परवानगी आधी घेणेच हिताचे आहे. वक्फ मालमत्तेच्या हस्तांतरणावर त्या कायद्याची कडक बंधने आहेत. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरातील पाणचक्की येथे मुख्यालय असलेल्या राज्य वक्फ मंडळाचे लेखी मत घेतल्याशिवाय त्या मालमत्तेचा विचारही पुढे नेऊ नये.

वाड्यात भाडेकरू असतील तर त्यांना विश्वासात घ्यावे. विकास हक्क विकल्याने त्यांची जागा जात नाही. उलट वाडा पाडला जाण्याची भीती कायमची दूर होते, हे त्यांना समजावून सांगितल्यास दुरुस्तीच्या वेळी त्यांचे सहकार्य मिळते.

अर्ज आणि प्रमाणपत्र

बंधनामुळे हक्क गेला, हे प्रस्तावात कागदोपत्री दिसले पाहिजे. म्हणून अनुज्ञेय बांधकामाचा आराखडा रीतसर दाखल करावा, वारसा संवर्धन समितीच्या सल्ल्यानुसार तो नाकारला गेल्याचे किंवा अटींसह मर्यादित केल्याचे पत्र मिळवावे आणि त्या पत्राच्या आधारे शिल्लक एफएसआयसाठी टीडीआरची मागणी करावी. त्यासोबत मोजणी नकाशा, वास्तूचा सद्यस्थितीचा नकाशा, मालकीची कागदपत्रे, बोजा नसल्याचा वकिलाचा शोध अहवाल आणि वास्तू जतन करण्याचे हमीपत्र जोडावे. हमीपत्रात केवळ “वास्तू पाडणार नाही” एवढे न लिहिता कोणती दुरुस्ती, कोणत्या साहित्याने आणि किती मुदतीत करणार हे लिहिल्यास प्रस्तावाचे वजन वाढते. माळवद गळत असताना त्यावर सिमेंटचा थर ओतण्याऐवजी पांढरी माती आणि लाकडी कडीपाट यांचीच दुरुस्ती करायची असेल, तर तसे नमूद करावे.

प्रस्ताव मान्य झाल्यावर आयुक्त विकास हक्क प्रमाणपत्र देतात. त्या प्रमाणपत्राचे हस्तांतरण करताना नवीन धारकाच्या नावाची नोंद आयुक्तांकडून प्रमाणपत्रावर व्हावी लागते. ती नोंद झाल्याशिवाय हस्तांतरण ग्राह्य धरले जात नाही, मग खासगीत कितीही करार झालेले असोत. मूळ प्रमाणपत्र कोणत्याही मध्यस्थाच्या हाती देऊ नये.

भाव आणि विक्री

खरेदीदार विकासकाला किती बांधकाम करता येईल, हे दोन जमिनींच्या दरांवरून ठरते. प्रमाणपत्रातील क्षेत्राला, जेथे हक्क निर्माण झाला त्या भूखंडाच्या बाजारमूल्य दर तक्त्यातील (रेडी रेकनरमधील) दराने गुणायचे आणि जेथे हक्क वापरायचा त्या भूखंडाच्या दराने भागायचे. दोन्ही दर हक्क निर्माण झाल्याच्या वर्षाचेच धरले जातात. वरील उदाहरणातील वाड्याच्या जागेचा दर चौरस मीटरला २०,००० रुपये आणि खरेदीदाराच्या जागेचा ३०,००० रुपये असल्यास, ४८० चौरस मीटरच्या प्रमाणपत्रातून त्याला ३२० चौरस मीटर बांधकाम मिळते. त्याची जागा शहराबाहेरच्या बाजूला १२,००० रुपये दराची असल्यास त्याच प्रमाणपत्रातून ८०० चौरस मीटर मिळतात. म्हणून भाव ठरवताना चौरस मीटरचा आकडा एकटा पाहू नये. कोणत्या भागातील विकासक विचारतो आहे ते पाहून सौदा करावा.

विकासकाने हा हक्क कोठेही वापरायचा म्हटले तरी त्यास मर्यादा आहेत. तो त्याच नियोजन प्राधिकरणाच्या हद्दीत वापरावा लागतो आणि भूखंडासमोरील रस्ता जितका रुंद, तितका जास्त टीडीआर घेता येतो. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर तो घेताच येत नाही. शिवाय महापालिका स्वतःही अधिमूल्य (प्रीमियम) घेऊन जादा एफएसआय देते, त्यामुळे विकासक नेहमी त्या दराशी तुलना करतो. परभणी किंवा जालना येथे मागणी छत्रपती संभाजीनगरइतकी असण्याची शक्यता कमी आहे. तेथे प्रमाणपत्र घेऊन ते तुकड्या-तुकड्यांनी विकण्याची तयारी ठेवावी. नियमावली तशी मुभा देते. विक्रीचा करार नोंदणीकृत असावा, आणि मुद्रांक शुल्क, आयकर व जीएसटी यांचा हिशेब सनदी लेखापालाकडून सौदा ठरण्यापूर्वीच करून घ्यावा, कारण उद्यानाचा वाटा या खर्चांनंतर उरणाऱ्या रकमेतून द्यायचा आहे की एकूण रकमेतून, हे करारात आधीच लिहावे लागते.

उद्यानाचा वाटा बांधून घेणे

न्यूयॉर्कमध्ये ग्रँड सेंट्रल स्थानकावर मनोरा बांधू न दिल्याचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७८ मध्ये शहराच्या बाजूने निकाल लागला. मालकाला हक्क दुसरीकडे हस्तांतरित करण्याची सोय होती, ही बाब न्यायालयाने त्या निकालात विचारात घेतली. त्याच भागासाठी २०१७ मध्ये झालेल्या नियमांनी असे ठरवले की, वारसा वास्तूंनी आपले शिल्लक हक्क विकले तर विक्रीच्या किमतीच्या २० टक्के किंवा ठरवून दिलेला किमान दर, यांपैकी जास्त असेल ती रक्कम सार्वजनिक जागांच्या सुधारणा निधीत जमा व्हावी. त्याआधी २०१६ मध्ये तेथील हडसन नदीकाठच्या उद्यानाने दोन लाख चौरस फुटांचे विकास हक्क १० कोटी डॉलरला विकण्यास मंजुरी मिळवली आणि तो पैसा उद्यानातील खचत चाललेल्या एका धक्क्याच्या दुरुस्तीसाठी बांधून ठेवला. दोन्ही ठिकाणी रक्कम येण्यापूर्वी तिचे काम ठरलेले होते, आणि आपण नेमके हेच उचलायला हवे.

आपल्या नियमावलीत असा सक्तीचा वाटा नसल्याने तो मालक, महापालिका आणि शक्य असल्यास परिसरातील नागरिकांची नोंदणीकृत संस्था यांच्यातील त्रिपक्षीय करारातून आणावा लागतो. मालक स्वेच्छेने वाटा देण्यास का तयार होईल, याचे उत्तर करारातच असले पाहिजे. विक्रीचा पहिला हिस्सा वाड्याच्या संवर्धनासाठी आणि तो पूर्ण झाल्यावरच दुसरा हिस्सा उद्यानासाठी, असा क्रम ठेवल्यास मालकाला आपल्या घराची शाश्वती मिळते. शिवाय शेजारी चांगली बाग झाल्यास त्याच्या वास्तूचीही किंमत वाढते. मालकावर वाटा लादू नये. ज्याच्या घरातच गळती आहे त्याने आधी बागेला पैसे द्यावेत, ही अपेक्षा अन्यायाची आहे. महापालिकेने बदल्यात उद्यानाचे ठिकाण, काम सुरू करण्याची मुदत आणि स्वतंत्र बँक खाते लिहून द्यावे. महापालिकेच्या सर्वसाधारण निधीत गेलेली रक्कम पगार आणि वीजबिलांत मिसळून जाते, म्हणून विशेष निधीचा ठराव करून घेणे अनिवार्य समजावे.

रक्कम एकाच वेळी खर्च करू नये. तिचा काही भाग मुदत ठेवीत कायम ठेवून त्याच्या व्याजातून माळी आणि पाणी यांचा खर्च भागवावा. आपल्याकडे उन्हाळ्यात पिण्याचे पाणीही अनेक दिवसांच्या अंतराने येते. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा प्रदेशात हिरवळीच्या गालिच्यावर पैसा ओतणे योग्य नाही. कडुलिंब, करंज, चिंच, बहावा, आपटा अशी झाडे, पावसाचे पाणी जिरवणारे चर, आणि आवारात जुनी विहीर किंवा बारव असल्यास तिचा गाळ काढणे, हे खर्चात आधी यावे. संभाजीनगरमध्ये नहर-ए-अंबरी या जुन्या भूमिगत जलवाहिनीचे अवशेष किंवा हिमायत बागेसारखा जुना बागपरिसर जवळ असेल, तर नवीन उद्यानाची आखणी करताना जुन्या पाण्याच्या वाटांचा अभ्यास करून घ्यावा. काही ठिकाणी त्या पुन्हा वाहत्या करता येतील.

करारात शेवटी तीन बाबी तपासून पाहाव्यात. विक्री रखडली किंवा भाव पडला तर दोन्ही हिस्से समान प्रमाणात कमी होतील की वाड्याचा हिस्सा आधी पूर्ण होईल, हे लिहिलेले असावे. महापालिकेने मुदतीत काम सुरू केले नाही तर उद्यानाची रक्कम कोणाकडे आणि कोणत्या कामासाठी जाईल, हे नमूद असावे. आणि दरवर्षी ३१ मार्चच्या हिशेबाची प्रत उद्यानाच्या फाटकावर मराठीत लावली जाईल, असे कलम असावे. या तिन्ही बाबी लिहून झाल्यावर करार नोंदवावा आणि त्याची प्रत टीडीआरच्या अर्जासोबत नगररचना विभागात दाखल करावी.